कुठला निळा

सोलांजचा फोन रविवारी येतो. तिकडे सकाळ असते,
इकडे कारैकालात मासळीबाजार धुऊन झालेला असतो.
"जुलैत येऊ की डिसेंबरात?"
तिचं तमिळ खडे वेचत चालल्यासारखं,
माझं फ्रेंच तर फौजेतलं: सावधान, विश्राम, वळा.

डिसेंबरात वादळाचा नेम नाही, मी सांगतो.
जुलै लागताच ये, आंब्यांचा उत्सव सापडला तर सापडेल.
गच्च्यांवरून आंबे फेकतात. बायका पदरात झेलतात,
तू टोपी आण.
पाँडिचेरीहून बस चार तास घेते.
दुपारची असली तर डावीकडे बस, उजवीकडे ऊन खातं.

सगळं लिहून घेते पोर.
आणि ठेवता ठेवता, दर वेळी:
"पप्पांचं घर दाखवाल ना, तात्ता?"

घर.
खाली मोबाइलची तीन दुकानं, वर दातांचा डॉक्टर.
गाब्रिएलच्या विमानाच्या तिकिटासाठीच तर विकलं होतं.
त्यानं मात्र लेकीला सांगून ठेवलंय
निळं दार, आतला चौक, लाकडी जिना.
आता त्याला विचारायची सोय राहिली नाही.

म्हणून गेलो नूरुद्दीन मरक्कायरांकडे.
चौक आहे त्यांच्याकडे, जिनाही आहे. दार हिरवं.
लोक शिडी उसनी मागतात, लग्नासाठी पातेली मागतात.
मी म्हटलं, एका दुपारपुरतं घर द्याल का?

ते हसले नाहीत. चहा सांगितला.
चहा संपला तरी गप्पच.
मग म्हणाले, "जिन्याची तिसरी पायरी वाजते.
तिला सांगा, रात्री उशीर झाला की
तुझा बाप ती पायरी ओलांडून वर जायचा."
कपातला गाळ हलवत राहिले.
"माझा धाकटा जायचा तसा. मार्सेलला असतो.
दाराचं काय ते बघा तुम्ही,
हिरवा मी पुन्हा मारून घेईन."

काल रंगाच्या दुकानात गेलो, एक लिटर मागितला.
पोऱ्यानं समोर कार्ड उलगडलं,
त्यावर सतरा निळे.
ज्या दारातून मी चाळीस वर्षं आत-बाहेर केलं
त्याचा एकही त्यात ओळखता येईना.
म्हटलं, राहू दे, सोमवारी येतो.

रविवारी तिलाच विचारीन,
सहज, बसच्या वेळा सांगता सांगता:
पप्पा म्हणाले होते का गं कधी,
कुठला निळा?