फेरी

बाबांच्या इंजिनखोलीत पुस्तक उघडायचं
तर आधी हात चिंधीला पुसावे लागतात.
मी पुसले. तरी सत्त्याण्णव पानावर
अंगठ्याचा काळा ठसा उठलाच,
नेमका आदर्श वायूच्या व्याख्येवर.

आदर्श वायू म्हणजे
ज्याचे रेणू जागा अडवत नाहीत,
एकमेकांना ओढत नाहीत,
धडकले तर मनात धरत नाहीत.
वर डेकवर, रायबंदरचा धक्का यायच्या आधीच
सगळ्या स्कूटर सुरू झालेल्या,
कुणाच्या आरशाला कुणाचं कोपर,
आणि फिलोमेनाबाईची पाटी मधोमध, ती हलणार नाही.
असा एकही रेणू चोडणात राहत नाही.

मी आकृती काढते. दाब उभा, आकारमान आडवं.
दोन उतरत्या रेषा समतापी,
दोन त्याहून खड्या, ज्यांवरून जाताना
उष्णता आत येत नाही की बाहेर पडत नाही.
चारी टोकं जुळली की मधे एक चिंचोळं शेत उरतं,
तिरकं, खाजनातल्या कुणग्यासारखं.
तेवढंच काम. बाकी सगळं येणंजाणं.

उत्तर येतं: ब्याण्णव टक्के.
बाबा तेलाची कांडी पुसत वाकून बघतात.
"ब्याण्णव? हें खंयचें इंजीन गो?"

मग मला दिसतं, मी सेल्सियसच घातलंय.
तीनशे सत्तावीस आणि सत्तावीस,
जणू शून्य म्हणजे बेतीचा बर्फाचा कारखाना.
खरं शून्य फार खाली असतं,
तिथवर आपल्यातलं कुणी गेलेलं नाही.
दोन्हींत दोनशे त्र्याहत्तर मिळवते.
सहाशेला तीनशे. अर्धं.
या दोन तापमानांमधलं कुठलंही इंजिन,
कितीही निगुतीनं घडवलेलं,
निदान अर्धं नदीला देऊन येतं.

"आणि तेही," मी सांगते, "हळू चालवलं तर.
इतकं हळू, की कुठल्याही क्षणी उलट फिरवता यावं.
एका फेरीला अनंत काळ लागेल."
बाबा कानातला कापूस काढतात, पुन्हा विचारतात,
मी पुन्हा सांगते.
ते हसत नाहीत. वर बघतात, जिथून घंटा येते.
"मागीर तुजी ती बोट धक्को सोडची ना."
सव्वासातची सुटली नाही
तर वरचे लोक काय करतात, ते त्यांनी पाहिलंय.

पुढच्या धड्यात एक जाळी आहे.
वायू जाताना उष्णता तिच्यात ठेवतो,
येताना उचलतो.
हे मात्र मला एका वाचनात कळलं.
डिसेंबरात पहाटेच्या फेरीला बाबा
कायतानच्या चहाच्या गाड्यावर स्वेटर काढून ठेवतात,
रात्रीच्या शेवटच्या फेरीला अंगात घालून परततात.
कधीकधी त्याला भज्यांचा वास येतो.
पुस्तकात असल्या गळतीचा उल्लेख नाही.

सर म्हणाले होते,
चक्र पुरं झालं की वायूला काही आठवत नाही.
दाब तोच, आकारमान तेच, ताप तोच.
किती घेतलं, किती टाकलं
हे त्याला नाही, वाटेला विचारायचं.
लॉगबुकात बत्तीस वर्षं एकच सही, गुरुदास तारी.
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
नकाशावर हा माणूस कुठेच गेलेला नाही.

घंटा. तो लिव्हर ओढतो. पंखा उलटा फिरतो,
सगळी बोट दातांत धरल्यासारखी थरथरते,
मग रॅम्पचा आवाज, मग स्कूटर,
मग थोडा वेळ कुणीच नाही.

मी कडेला जाऊन खाली वाकते.
थंड करायला आत घेतलेलं मांडवीचं पाणी
नळीतून बाहेर पडतंय, हाताला कोमट,
आंघोळीला लागतं त्याहून थोडं कमी.
त्याच्याखाली शेवटे जमलेत,
बोटभर, तोंडं प्रवाहाकडे,
रोज याच वेळी येत असल्यासारखे.

"परिक्षेंत हें विचारतले?" बाबा आतून ओरडतात.
"मासे?"
"न्हंय गो. उदक."
मी म्हणते, पाणी विचारतील.
त्याला वाया गेलेली उष्णता म्हणतात.
ते बराच वेळ काही बोलत नाहीत,
मग कापूस पुन्हा कानात घालतात.