काचेचं सूत

हिंगण्याच्या एमआयडीसीत, मे महिन्यात,
साडेअकरालाच पाना हातात धरवत नाही,
तेव्हा देवाजी पराते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.
मनगटाला टेप गुंडाळतो. गळ्याचं बटण लावतो.
चष्मा, मग मास्क. नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबून
एकदा फुंकून बघतो, हवा कुठून निसटते का.

"काका, लग्नाले चालले का?"
मी विचारलं होतं पहिल्या दिवशी.
"हो बाप्पा. नवरी काचेची हाये."

पिवळी जाळी, बारा फूट बाय चार.
बुटीबोरीच्या कुठल्याशा टाकीवर तिची पायवाट व्हायची होती,
जिथं लोखंडाला तेजाब सहा वर्षांत खातं.
देवाजीनं तिच्यावरून तळवा फिरवला,
हातमोजा असूनही डोळे मिटून.
"आधी ताणा पाह्य. उभ्या पट्ट्या भार घेतात,
आडव्या नुसत्या सोबतीले.
ताणा चुकला त मानूस खाली जाईन."

तांडापेठेत त्याचा माग होता. एवढंच माहीत होतं मला.

दाताचं पातं त्यानं बाजूला सारलं.
दात लागला की हिच्या चिंध्या होतात.
हिऱ्याची कणी असलेलं पातं, हवेवर चालणारा ग्राइंडर
(पाण्याची न् विजेची सोयरीक जमत नाही, म्हणायचा),
रेघेवर चिकटपट्टी, रेघेच्या दोन्ही अंगांना ठोकळे,
म्हणजे कापलेला तुकडा लटकून शेवटचा कोपरा फाडणार नाही.
वर टांगलेली सलाईनची बाटली,
थेंब थेंब पात्यावर. धूळ उडायच्या आत चिखल होते.

"ढकलू नको. त्याले त्याच्या चालीनं जाऊ दे."
घाई केली की राळ काळी पडते,
आणि शेडभर तो वास, दिवसभर.

मी घाई केली होती. सांगूनच टाकतो.
देवाजी साळ्याच्या लग्नाला कामठीला गेला त्या दोन दिवसांत
चार जाळ्या कापल्या, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात,
मास्क खिशात, बाटली रिकामी.
शेहेचाळीस डिग्री होतं, कोण बघतं!
संध्याकाळी टी-शर्ट बादलीत टाकला, सगळ्यांच्या कपड्यांत.

तिसऱ्या दिवशी माय कोपरापर्यंत पावडर लावून बसलेली.
"घामोळं हाये," म्हणाली, "उन्हाचं."
मी तिचा हात कूलरच्या खिडकीशी नेला.
काहीच दिसेना.
मग ऊन तिरपं झालं, आणि चमकलं,
इवलं इवलं, मनगटापासून वर,
जशी कोणी तिच्या कातडीवर जर विणली होती.

देवाजी रागावला नाही.
"गरम पानी लावू नको, आत जाते. गार पान्याची धार सोड.
चोळू नको. चिकटपट्टी लाव, अल्लग उचल.
न् कामाची बादली अलग. आजपासून."
मग उरलेली टेप माझ्या हातात दिली
आणि स्वतः डबा खायला गेला.

कापून झालं की तो उठत नाही.
छोट्या ब्रशानं राळ घेऊन
प्रत्येक उघड्या टोकावर फिरवतो,
एकूणएक, मालक टेम्पोचा हॉर्न वाजवत असला तरी.
"पानी टोकातूनच शिरते.
लुगड्याचे दशे कोनी सुटे सोडते काय?"

मागच्या आठवड्यात उरलेला एक तुकडा त्यानं मागून घेतला,
अडीच बाय तीन. वजन करून पैसे कापून घ्या म्हणाला.
मी गाडीवर मागं धरून बसलो तांडापेठेपर्यंत.

समोरच्या खोलीत माग नव्हता. मागाचा खड्डा होता,
पाय सोडून बसायचा तो,
कडेची माती दोन पिढ्यांच्या मांड्यांनी गुळगुळीत.
वर एक फळी होती, कुजलेली.
फळी काढली. जाळी ठेवली. एका अंगाला सूतभर ढिली.
"कापड लागन," देवाजी पुटपुटला, आणि शोधायला आत गेला.

तेवढ्यात त्याची नात आली,
जाळीवर उभी राहून दोनदा उडी मारली,
मग पालथी पडून एका चौकोनाला डोळा लावला.

"आजोबा, खाली काय हाये?"

आतून उत्तर आलं नाही.
बहुतेक कापड सापडत नव्हतं.