सहा व्होल्ट

राडिम गाडीवर बसून आला नाही. ढकलत आला,
आणि दारातच म्हणाला, काही बिघडलेलं नाही, सहज आलोय.
आमच्या मोराव्हियात माणसं डॉक्टरकडेही अशीच जातात.

जावा, पंच्याहत्तर सालची.
टाकीवर गुडघे घासून पडलेले दोन फिकट डाग,
डावा थोडा मोठा.
तिची एक खोड आहे:
किक आणि गिअर, दांडा एकच.
आत दाबून मागे फिरवला की किक,
सोडला की जागेवर जाऊन गिअर.
ज्या पायाने जागं करायचं
त्याच पायाने पुढे न्यायचं,
आणि तो पाय डावा.
राडिमच्या डाव्या गुडघ्यात
मार्चपासून धातूचा सांधा आहे.

जॅकेटच्या आतून त्याने घडी घातलेला कागद काढला.
नवी गाडी. बटण, एबीएस,
पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही.
किंमत त्याने तोंडाने सांगितली नाही,
बोट ठेवलं फक्त.
मी हात पुसून वाचलं.

मग प्लगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मी माझा हिशेब मांडला:
बारा व्होल्टचा अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन,
पुढे डिस्क ब्रेक, क्रँकचे सील, माझी मजुरी.
बेरीज नवीच्या निम्म्याच्या जरा वर गेली.
आणि एवढं करून
किक मारावीच लागणार.

काय करू, बोहदाना?

आता माझी पंचाईत बघा.
नवी घेतली तर ती ब्रनोला जाणार,
तिथे तिला लॅपटॉप लावतात.
माझ्या पान्याला तिचा एक नटसुद्धा दिसायचा नाही.
जुनीच कर म्हणावं, तर पोटासाठी बोलते असं होतं;
नवी घे म्हणावं, तर मोठेपणासाठी.
दोन्हीकडून जीभ तेलकटच.
तरी म्हणाले, नवी घे.

शनिवारी तो चालवून बघायला गेला.
मंगळवारी सांगत होता:
इंजिन इतकं गप्प
की सुरू झालंय हे कळलंच नाही,
मी आपला बटण दाबतोय, दाबतोय,
आतून करकर करकर.
विकणारा पोरगा म्हणाला, आजोबा, चालू आहे ती.
हे सांगताना तो हसला नाही.
मीही नाही हसले, स्टुलाखाली पाना शोधत राहिले.

ड्राहोमिरा काय म्हणते?
ती म्हणते, तुझा गुडघा बदलला
तेव्हा मी नवरा बदलला का?
मग म्हणते, बदलायला हवा होता.

ऑक्टोबर उतरणीला लागला होता.
पाच वाजता आलुबुखाराच्या बागांत अंधार शिरायचा.
जुना दिवा म्हणजे हळदीचं पाणी,
एक्सिलरेटर पिळला तर जरा दाट,
चौकात थांबलं की पार पातळ.
राडिमने पुठ्ठा हातात घेतला,
माझ्याच पेन्सिलने एकेक ओळ खोडली,
पहिली ठेवली.
फक्त उजेड कर, म्हणाला.
बाकीचं ठरवायला अख्खा हिवाळा पडलाय.

तीन दिवस लागले. एक वायर कुणीतरी
ऐंशीच्या सुमारास चिकटपट्टीने जोडली होती;
तो मीच, म्हणाला.
मग तो बसला, मी मागून ढकललं,
दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला,
धूर माझ्या तोंडावर टाकून गाडी गेली.
दगडी पुलापर्यंत तो उजेड दिसत होता,
पांढरा, जरा उद्धट.

रात्री नऊला फोन.
अगं, चर्चच्या वळणावर मैलाचा दगड आहे,
त्याच्यावर आकडा आहे!
मी म्हटलं, असणारच.
आणि एक ससा होता. चक्क बसून होता, रस्त्याच्या मधोमध.
बरं मग?
मग काय,
पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
सगळं दिसलं मला. ससा लांबूनच दिसला.
ब्रेक मात्र, बोहदाना,
ब्रेक फार उशिरा लागतो गं.
तो पुठ्ठा
टाकला तर नाहीस ना?