छाट

कारखान्यात चेकर नुसत्या बोटांनी ओळखतो.
ही सैल, हिचं तोंड उघडं, ही छाट.
निकाल तिथल्या तिथे.
घरी येईपर्यंत मी रडूनही मोकळी.

तुझं तसं नाही, प्रभू.

परवा जावेच्या रूथची फी भरली.
नरसव्वा दारात उभी होती,
तेव्हाच नेमक्या नोटा मोजल्या,
मोठ्याने.
रात्रभर पानं भिजत पडलेली, आणि मी विचारतेय,
चाललं का?
पंखा फिरत राहिला.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले, फळांवरून झाड ओळखा.
आमच्या कुंभारीच्या गल्लीत एकच कडुलिंब.
निंबोळ्या कडूच की हो.
पण सोलापूरच्या उन्हात
सगळ्याजणी सुपं घेऊन त्याच्याच खाली.

आज जाऊ तापाने पडलेली.
ती झोपल्यावर चारशे विड्या वळल्या,
तिच्याच सुपात ठेवल्या,
कुणाला बोलले नाही.

बघ, तुला सांगितलंच.

असू दे.
दिव्याजवळ सूप सरकवलंय.
तंबाखूचा वास आहे हातांना, धुऊन जात नाही.
तू बोटं फिरव.
छाट निघाली तर उद्या
पुन्हा वळीन.