तास

मानवतच्या शाळेत आठवा तास इंग्रजीचा.
जिनिंगमधली रुई उडत येऊन फळ्यावर बसायची
आणि मुजीब सर ती न पुसताच लिहायचे.
शब्द नुसता पाठ करू नये, म्हणायचे,
उपटून बघावा, हरभऱ्याच्या ढाळ्यासारखा.
मुळाला कुठली ना कुठली माती असतेच.

त्यांच्याकडं एक कोश होता,
सिमेंटच्या पोत्याचा कागद कव्हर म्हणून चढवलेला,
आणि रोमची माणसं त्यांना अशी ठाऊक
की पाथरी रोडला त्यांचं शेत असावं.

रायव्हल, सर म्हणाले,
म्हणजे मुळात एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघं.
मागच्या बाकावरचे रेंगे चुलतभाऊ
खाली बघायला लागले.
त्याच आठवड्यात, कॅनॉलच्या चारीवर,
रात्रीच्या पाळीवरून
एकाच्या बापानं दुसऱ्याच्या बापाचं डोकं फोडलं होतं.
सर पुढं काही बोलले नाहीत.
फळ्यावर ओढा काढला, दोन काठांना दोन घागरी,
आणि घंटा होईपर्यंत तो तसाच वाहू दिला.

मसल म्हणजे उंदराचं पिल्लू.
दंड आवळला की कातडीखाली पळतं, म्हणून.
आम्ही हसलो. सर, आमच्या दंडात तर बेटकुळी असते!
बेटकुळी, ते स्वतःशी म्हणाले, पुन्हा एकदा म्हणाले,
घरी उर्दू बोलणाऱ्या जिभेवर
शब्द गुळाच्या खड्यासारखा फिरवत.
मग खिशातली डायरी काढून
आमच्याकडून लिहून घेतला.

कॅन्डिडेटला उपटायची गरजच पडली नाही.
खडू चोळून पांढरेशुभ्र केलेले कपडे, इतकं ते म्हणतात तोवर
भोंगा लावलेली जीप खिडकीवरून गेली.

एकदा मीच उठून विचारलं,
सर, हा तुमचा तास आणि आमच्या आबाचा तास, एकच का?
कोश मिटून ते बराच वेळ बसले.
तुझ्या आबाचा तासण्यातून आलेला असणार, म्हणाले, जमीन तासतात ना.
माझा फारसीतून आला,
पाण्यावर सोडलेलं धातूचं भांडं, बुडालं की वेळ भरली.
एक तुझ्या घरचा, एक माझ्या.
एकाच खोलीत राहतात बघ, आणि भांडत नाहीत.

त्याला तीस वर्षं झाली.

परभणीचा सरकारी दवाखाना, तापाचा तिसरा दिवस.
डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर घाईत काही खरडलं,
मला वाचता आलं: डेलिरियम.
हा सरांनी शिकवला नव्हता.
बाकड्यावर बसून, मोबाईलच्या उजेडात, मीच उपटला.
डे, म्हणजे पासून दूर. लिरा, म्हणजे नांगराचा तास.
तास सुटलेला माणूस.

आणि आबा खाटेवर
टाचा रोवून, मूठ रुमण्यावर असावी तशी आवळून
वीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाला सांगत होता,
लाखा, तासात चल. तासात चल, माझ्या राजा.
शेजारचे वैतागले. नर्स म्हणाली,
भ्रमात आहेत, मावशी.
मी म्हटलं, हो.
अख्ख्या वॉर्डात सरळ चाललेला
तेवढाच एक होता.

शाळेतल्या शेवटच्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, व्हर्स.
धुऱ्यापाशी औत वळतं, ते वळण.
म्हणून कवितेची ओळ कागद संपायच्या आधीच
परत फिरते, आणि पहिल्या तासाला लागून
दुसरा धरते.
तेव्हा नीट कळलं नव्हतं. परीक्षेला येणार नव्हतं.

पहाटे चारच्या सुमाराला
आबाची मूठ उजवीकडं कलली.
धुरा आला असावा.
मी वाकून त्याच्या कानाशी
बैलांना घालतात तशी हाळी घातली, अगदी हळू,
नर्सला ऐकू जाऊ नये अशी,
आणि तो कुशीवर
वळला.