सोळा ओळी

उंची सोळा ठिपके. त्यापुढे एक दिवाही मिळणार नाही,
असं हिलालभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि चौकटींची वही माझ्याकडे सरकवली.
धुळ्याच्या स्टँडमागे पत्र्याचा गाळा,
सोल्डरचा धूर, शेजारच्या कढईतल्या शेवेचा वास.

चार ओळी मात्रांना.
एक शिरोरेषेला, ती सलग पेटते,
तारेवर अक्षरं वाळत घातल्यासारखी.
आठ अंगाला. तीन उकाराला.
इंग्रजी आकडे सातातच बसतात,
त्यांना डोक्यावर छप्पर नको, पायात वहाण नको.

नवापूर एका दुपारी झालं.
साक्रीतल्या क्रने एक रात्र घेतली.
अडलो तो ळवर.

आणि ळ इकडे कुठे नाही?
धुळे, जळगाव, पारोळा, भुसावळ, चाळीसगाव, पिंपळनेर.
दोन पोटं, पोटांत दोन पोकळ्या.
पोकळी म्हणजे न पेटलेला दिवा, फुकटचं काम,
पण एका ठिपक्याची पोकळी वीस पावलांवरून बुजते,
पारोळ्याच्या शेवटी नुसता डाग.
दोन ठिपक्यांची केली तर अक्षर फुगतं
आणि चाळीसगावचा व पाटीबाहेर.
सत्तावीस ळ काढले.
एक चष्मा झाला,
एक भुईमुगाची शेंग.

सत्ताविसावा घेऊन डेपोत गेलो, चाचणीला.
बाकावर एक म्हातारी.
"काय लिखं शे रे भाऊ त्यावर?"
धुळे, म्हटलं. ळ नीट उठत नाहीये अजून.
"आपले कोठे लागस तो? आपण ते धुये म्हंतस."

कंडक्टर हसला, मीही.
माझी माय अजून डोळ्याला डोया म्हणते.
त्याच डोयापायी चौथीत छडी खाल्ली होती मी,
आणि आता त्याच अक्षराची पोटं घासत
रात्री दोन-दोनपर्यंत बसतो.

मग तिचा हात दिसला.
कोपरापासून मनगटाकडे, हिरव्या ठिपक्यांत: तुळशीराम.
कातडी सैल पडलेली, ठिपके
एकमेकांपासून लांब सरकलेले,
ळची दोन पोटं तर कुठेच जुळत नव्हती,
तरी वाचता आला.
कोण हे, विचारलं.
तिने पदर ओढून घेतला.
नाव घेतलं नाही.

गाळ्यावर येऊन मधला एक ठिपका विझवला.
बस, तेवढंच.
पोटं सुटी झाली. बघणाऱ्याचा डोळा ती जोडून घेतो.

हिलालभाऊ म्हणाले, फाईलला नाव दे काहीतरी,
नाहीतर पुन्हा सापडायची नाही.
दिलं.

आता साडेनऊची गाडी फाट्यावर वळते तेव्हा
अंधारात आधी तांबूस रेघ दिसते,
मग तिला लोंबकळलेलं गाव.
बाजारचं गाठोडं उचलून कोणीतरी ओरडतं,
धुयानी उनी, धुयानी.