केरातली नावं

परवा हेळवी आला.
बैल विकून तीन सुगी झाल्या म्हणाला,
आता फटफटीवर हिंडतो,
चोपडी रेग्झिनच्या पिशवीत, वरून दोरी.
दोन पायल्या ज्वारी आधी मोजून घेतली,
चहा नको म्हणत चहा प्याला
आणि चोपडी कपाळाला लावून
कानडी हेलात सुरू झाला:

सीनाकाठ सोडून निघाला सटवाजी,
एक गाडी, एकच खोंड,
जुवाच्या दुसऱ्या बाजूला स्वतः.
तेरणेला डोह बघून थांबला,
बाभळबन तोडून वावर केलं.
(त्या तुकड्याला आम्ही अजून बाभूळतोड म्हणतो,
बाभूळ मात्र एक नाही.)
सटवाजीला म्हाळू.
म्हाळूला केरबा.
केरबाला उकिर्डा.
उकिर्डाला धोंडी.

पुतण्या हसला,
"घाणीचीच नावं का ओ सगळी?"
हेळवी वाचत राहिला, चोपडीत एवढंच.
चुलती सुपातून मान वर न काढता म्हणाली,
"आधीची जगली नसतील."

मी बोटं मोजू लागलो आणि थांबलो.
पहिल्या लेकराला कोणी केरात घालत नाही.
दुसऱ्यालाही नाही.
कितव्या खेपेला एखादी ओली बाळंतीण
आपलं पोर उकिरड्यावर ठेवून मागं सरते,
शेजारीण उचलते, "माझं हाय" म्हणते,
आणि आई तेच पोर
ओंजळभर कण्या देऊन विकत घेते,
सटवीला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं?
तिचं नाव विचारलं.
हेळव्यानं बोट ओळीवरून फिरवलं, पुढं नेलं.

फसली बाराशे सत्त्याऐंशीचं पान कोरं.
मला वाटलं, दुकाळात घरच बसलं असेल.
"तसं नव्हं," हेळवी म्हणाला,
"त्या साली माझा पणजाच आला न्हाई हिकडं.
निघाला होता म्हणत्यात."

मग नवं पान उघडलं.
पुतण्याचं पोर लिहायचं होतं: रेयांश.
हेळव्यानं दोनदा विचारलं,
अक्षर अक्षर पाडून घेतलं.
कशाचंच भ्या नाही या नावाला.

फटफटी गेली.
मोजताना सांडलेली ज्वारी
चुलतीनं झाडून एका जागी केली
आणि खाली बसून
केरातनं दाणा दाणा वेचत राहिली.